वाणसामान, नूडल्स आणि आजोबांचे मंगळवार

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, शेवटच्या दीड वर्षात आजोबा कसे होते? मी लगेच सांगितलं, औषधं वेळेवर घेत होते, झोप बरी होती, वजन आटोक्यात होतं. मग धाकटी म्हणाली, "ते झालं गं आजी. पण ते कसे होते?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. गॅसवर दूध नव्हतंच.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, लागू दे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि इंग्रजीत मी हे जास्त मुद्देसूद लिहिलं असतं. पण मुद्देसूद उत्तर तुम्हाला एकदा देऊन झालं आहे.

आजोबांचं हृदय थकलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. थकलेलं हृदय अंगातलं पाणी नीट पुढे ढकलत नाही. ते साठतं, पायांवर सूज येते, मग छातीत भरतं. मीठ खाल्लं की जास्त साठतं. तेव्हा दिवसाला अर्धा चमचा मीठ, पाणी मोजून, रोज सकाळी वजन, आणि झेपेल तेवढं चालणं. डॉक्टरांनी हे एका कागदावर लिहून दिलं आणि मी त्या कागदाचा तक्ता केला. फ्रिजवर लावलेला तो तक्ता तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिला आहे. तुमचा बाबा म्हणाला होता, "आई, तू कारखाना चालवायला हवा होतास, बाबांनी नव्हे."

सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा एका छोट्या वाटीत अर्धा चमचा मीठ काढून ठेवायचे. दिवसभराचं मीठ त्या वाटीतूनच. वाटी संपली की संपलं. पापड, लोणचं, फरसाण घरातून गेलं. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. चार वाजता छत्री घेऊन चालायला जायचे, पाचला परत. मी तक्त्यावर बरोबरची खूण करायचे.

आणि तरीही बुधवारी आणि शनिवारी सकाळी त्यांच्या पायांवर सूज असायची. दर आठवड्याला. घोट्याच्या वर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. इतर दिवशी पाय बरे. मी तक्ता पुन्हा पुन्हा वाचायचे. मीठ मोजलेलं, पाणी मोजलेलं. शेवटी मी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंवर संशय घेतला. त्या मंड्या गावाकडच्या, आमच्याकडे पाच वर्षं होत्या. मी विचारलं, कणकेत मीठ घालता का? त्या म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही सांगितलं त्या दिवसापासून चिमूटभरसुद्धा नाही." मी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हात धुतले, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या. त्यांचा फोन आता लागत नाही.

आजोबा गेले ते एका बुधवारी सकाळी. अंघोळीला जातो म्हणाले, पलंगाच्या काठावर बसले, आणि उठले नाहीत. छातीत पाणी भरलं होतं. लोक म्हणाले, किती शांत मरण, किती सेवा केलीत. मी मान डोलवत होते आणि मनात एकच प्रश्न होता. ते पाणी आलं कुठून? माझ्या हातून कुठे चुकलं? वर्षभर मी स्वयंपाकघरात उभी राहून हेच शोधत होते. बेकिंग सोड्याचा डबा, सॉसची बाटली, एकेकाच्या मागचं लेबल वाचत होते. माणूस गेल्यावरसुद्धा मी सकाळी वाटीत मीठ काढत होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मग आमच्या फाटकावरचा जुना वॉचमन परत आला. मध्ये त्याला दुसऱ्या बिल्डिंगवर पाठवलं होतं. मला पाहून सलाम ठोकत त्याने विचारलं, "अम्मा, सार चेन्नागिद्दारा?" साहेब बरे आहेत ना? मी सांगितलं. तो डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "अय्यो अम्मा. मागच्या अंगडीतल्या नूडल्स म्हणजे सारांचा जीव. मला पण एकदा पार्सल आणून दिलं होतं."

अंगडी म्हणजे दुकान. मी म्हटलं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय. तो म्हणाला, "सारांना कोण विसरेल? मंगळवार, शुक्रवार. छत्री घेऊन."

बुधवार आणि शनिवार, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

बंगळुरातल्या ह्या सर्जापूर रोडवर आम्ही सात वर्षं राहतो, पण मागच्या गल्लीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला लागणारं सगळं फोनवरून घरी येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. पंक्चरवाला, मुलींचं पीजी, आणि त्यांच्या मधे एक अरुंद, खोल दुकान. पुढे वाणसामान. डाळी, साबण, अंडी आहेतच, पण काळपट जांभळा तांदूळ, बरणीत बांबूचे कोंब, लाल मिरच्या ज्यांच्याकडे बघूनच शिंक यावी, दोरीला टांगलेली सुकी मासळी. फ्रीझरच्या मागे तीन टेबलं आणि एक शेगडी. तिथे दोन मुलं कानात वायरी घालून वाडग्यांवर वाकली होती. वाफ दाराशी येत होती.

दुकान एका मणिपूरच्या बाईचं. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हात सारखे चाललेले. तिचं हिंदी तिच्यासारखं, माझं माझ्यासारखं. इथे मी सगळं मराठीतच लिहिते.

"काय देऊ आंटी?"

काय मागायचं ते ठरवून गेले नव्हते. "आलं आहे?"

"आहे. बसा ना, ऊन किती आहे. आधी पाणी प्या."

"नको, उभीच बरी आहे."

"चालेल, चालेल," ती म्हणाली.

हे दोन शब्द मराठीत होते. पहिला चालेल मोठा, दुसरा विझत गेलेला. तुमच्या आजोबांचा. तुम्ही काही मागितलंत की ते असंच म्हणायचे. त्या बाईच्या तोंडातून तो आवाज आला आणि मी मागे वळून पाहिलं.

"मराठी येतं तुला?"

"एवढंच. एका अंकलनी शिकवलं. तुमच्याच बिल्डिंगमधले असतील. उंच, पांढऱ्या मिशा, पाऊस नसला तरी छत्री. ते तिथे बसायचे." तिने भिंतीकडचं टेबल दाखवलं. "आता येत नाहीत. मुलाकडे परदेशात गेले वाटतं. बरं केलं. एकटा माणूस किती दिवस राहणार? बायको नाही बिचाऱ्यांना."

"नाही म्हणजे?"

"वारली ना."

तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे, ते गेले, मी आहे, एवढं मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आपण मेलो आहोत असं कोणी इतक्या सहज, आलं तोलता तोलता सांगितलं की चटकन तोंड उघडत नाही. मी आलं तिथेच विसरून घरी आले. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या अक्का भेटल्या. "ऊट आयता?" म्हणाल्या. जेवण झालं का? मला इतकं बरं वाटलं! त्यांना मी दिसत होते.

शुक्रवारी चार वाजता पुन्हा गेले. त्यांच्या टेबलावर बसले नाही, शेजारच्या बसले. ती म्हणाली, "अंकल घ्यायचे तेच देऊ? अंडं घालून?"

अंडं! तुमच्या बाबाने कॉलेजात असताना मित्राकडे ऑम्लेट खाल्लं, तेव्हा आजोबांनी त्याला आठ दिवस ऐकवलं होतं. मी म्हटलं, अंडं नको.

मोठ्या वाडग्यात नूडल्स, मोहरीचा पाला, अळंबी, वर कांद्याची पात, आणि काठोकाठ सूप. मी चमचाभर तोंडात घेतलं. चव चांगली होती. दुसऱ्या चमच्याला माझ्या जिभेला कळलं. आमच्या वाटीतलं दिवसभराचं मीठ ह्या एका वाडग्यात होतं, कदाचित जास्तच. जे मी वर्षभर लेबलांवर शोधत होते, ते माझ्यासमोर वाफाळत होतं. मी रागावेन असं वाटलं होतं. पण मी मुकाट्याने पाला बाजूला करत बसले. मला तिच्याकडून अजून ऐकायचं होतं, आणि मी कोण ते सांगितलं असतं तर ती गप्प झाली असती.

"त्यांची बायको वारली, हे तुला कोणी सांगितलं?"

ती शेजारी येऊन बसली. "सांगायला कशाला हवं? पहिल्याच दिवशी त्यांनी वाडग्याभोवती पाणी फिरवलं आणि नूडल्सचे चार तुकडे टेबलावर उजव्या हाताला ठेवले. माझी आजी असंच करायची. आजोबा गेल्यावर रोज जेवताना त्यांच्यासाठी बाजूला काढायची. मी विचारलं, आंटीसाठी?"

त्या चित्राहुती होत्या, बाळांनो. जेवणाआधी पानाच्या उजवीकडे भाताची चार शितं ठेवतात ना, ज्यांना, थोरल्या, तू लहानपणी "मुंग्यांचा लंच" म्हणायचास. आजोबा म्हणायचे, ही यमाला आणि त्याच्या हेडक्लार्कला. आधी त्यांना दिलं की ते आपली फाईल लवकर काढत नाहीत. मौंजीपासून एकही जेवण त्यांनी चित्राहुतीशिवाय घेतलं नव्हतं. आणि इथे त्यांनी त्या नूडल्सच्या घातल्या, अंड्याच्या सुपात बुडालेल्या. तो हेडक्लार्क काय म्हणाला असेल!

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले. म्हणाले, हो, तिलाही. मी विचारलं, कधी गेल्या? तर म्हणाले, डॉक्टरांनी कागद दिला त्या दिवशी. आता घरात एक नर्स असते."

मी चमचा खाली ठेवला.

"फार कडक आहे म्हणे," ती हसत म्हणाली. "सगळं मोजून देते. पण अंकल कधी वाईट बोलले नाहीत हां तिच्याबद्दल. म्हणायचे, कामाला चोख आहे, एक सुट्टी घेत नाही. मी म्हटलं, मग काय, पगार घेते, काम करते. तर खूप हसले."

त्या दिवशी मी घरी कशी आले ते आठवत नाही. पण त्यानंतर मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागले. तुम्हाला वाटेल, आजोबांच्या आठवणीसाठी. खरं सांगायचं तर मी माझ्यासाठी जात होते. त्या टेबलावर बसून ते गेलेल्या बायकोबद्दल बोलायचे, आणि ते सगळं त्या बाईला पाठ होतं. मला भूक नाही म्हणत त्यांच्या ताटातलं अर्धं खाणारी. चित्रपटात विनोद पुरा व्हायच्या आधीच हसणारी. स्कूटरवर मागे बसून रस्ता चुकला म्हणून कानात ओरडणारी, आणि रस्ता बरोबर असायचा, चुकलेली तीच असायची. चामराजपेटेतल्या पहिल्या घरात, दोन खोल्यांत, सासऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्रीची भांडणं चिठ्ठ्यांवर लिहून करणारी, आणि त्यात त्यांचं शुद्धलेखन तपासणारी.

मी वाडग्यावर वाकून ऐकायचे. त्या बायकोला मी ओळखत होते. किती वर्षांत भेटले नव्हते. मला तिचा हेवा वाटायचा, आणि ती कुठे गेली ते विचारायची सोय नव्हती. फोनमधले तुमचे फोटो आजोबांनी दुकानभर दाखवले होते. माझा एकही नव्हता, कारण आपल्या घरात फोटो काढणारी नेहमी मीच.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका मंगळवारी ती म्हणाली, "आंटी, मी महिनाभर गावी जाते आहे. अंकलना एकदा व्हिडिओ कॉल करायचा आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या मुलाचा नंबर मिळेल का? त्यांना तो जांभळा तांदूळ आवडतो, यंदाचा चांगला येतो आहे, विचारायचं आहे पाठवू का."

आता खोटं बोलता येत नव्हतं, आणि गप्पही बसता येत नव्हतं.

"ते गेले," मी म्हटलं. "मागच्या वर्षीच."

शेगडीवर पाणी उकळत होतं. तिने ते बंद केलं, हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. "कधी?"

"एका बुधवारी. सकाळी."

"शेवटचे आले तो मंगळवार होता." ती बोटांनी टेबलावर काहीतरी जुळवत होती. "त्या दिवशी सूप दोनदा मागितलं. मी म्हटलं, आज काय खास? म्हणाले, आज चव लागते आहे. मी भरून दिलं." मग तिने वर पाहिलं. "काय झालं होतं त्यांना?"

"हृदय."

"माझ्या बाबांना पण तेच. त्यांना मीठ बंद होतं." मला तिच्या चेहऱ्यावर ते येताना दिसलं, जसं एखाद्याला जिन्यावर पुढची पायरी नाही हे पाय टाकल्यावर कळतं. "नर्स मोजून द्यायची ते मीठ होतं का? आंटी, तो दुसरा वाडगा... मी मारलं का त्यांना?"

तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे म्हणून सांगते. त्या क्षणी मला फक्त गप्प बसायचं होतं. वर्षभर मी जे एकटीने उचललं होतं, ते घ्यायला समोर दुसरे दोन हात आले होते. एक शब्द न बोलता मी उठून घरी आले असते तर ते तिच्याकडेच राहिलं असतं. पोळ्यावाल्या बाईंकडे मी असंच काहीतरी ठेवून आले होते.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या सुपाने काही झालं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे. ती नर्स मीच."

तिने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"रोज सकाळी त्यांचं वजन मी घेत होते. पाय मी बघत होते. हृदयच थकलं होतं त्यांचं, जायचेच होते. आठवड्यातून दोन वाडगे खातात ते मला माहीत होतं. मी हिशेबात धरले होते. चार वाजता दार मीच उघडून देत होते."

"माहीत होतं? आणि येऊ देत होतात?"

"हो."

तिने पदराने नव्हे, चक्क फडक्याने डोळे पुसले. "मग ते तुम्हाला उगाच कडक म्हणायचे."

"पेशंट म्हणतातच," मी म्हटलं.

आयुष्यात मी तुम्हाला, तुमच्या बाबाला, शाळेतल्या शेकडो मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. इतक्या सफाईने खोटं मला बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. ती उठली, पाणी पुन्हा उकळायला ठेवलं, नूडल्स केल्या, आणि वाडग्यातून भिंतीकडच्या टेबलावर दोन लहानसे ढीग काढले, एकमेकांना चिकटून. "हे अंकलचे, हे आंटीचे," ती म्हणाली. "आता दोघं बरोबर असतील. आंटी आता त्यांच्या ताटातलं खात असेल." मी माझ्या वाट्याच्या नूडल्स निवताना पाहत बसले.

त्या दुसऱ्या वाडग्याने काय झालं, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारता येईल. मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. आठवड्यातून दोन दिवस, चार ते पाच, ते खुशीत होते. मी तिथे नव्हते, म्हणून मला सांगता आलं नाही.

सुट्टीत याल तेव्हा तुम्हाला त्या दुकानात जावंसं वाटेल. जरूर जा, पण दोघंच जा. तुमच्याबरोबर मला यायचं नाही, तिथे मी आजोबांची नर्स आहे आणि तुम्ही मला आजी म्हणाल. तिने तुमचे फोटो पाहिले आहेत, ओळखेल. आत घेऊन भिंतीकडच्या टेबलावर बसवेल. मग तुमच्या आजीबद्दल सांगू लागेल. मी विसरले आहे असंही काही सांगेल. मधे दुरुस्त करू नका, शेवटपर्यंत ऐका. सावकाश या. मी घरीच असेन.